बेटावरून सुटायचं कसं?

मला पोहता येत नाही, हे मी भर नदीतल्या बेटावर जाऊन सिद्ध केलं आहे.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वैनगंगेकाठच्या एका गावात मी नुकताच बदलून आलेला इंग्रजीचा मास्तर. शेजारच्या घरी नामकरणाला व्हिडिओ आणला, आणि कॅसेटवाल्यानं चुकून इंग्रजी सिनेमा दिला. जहाज फुटून एक कुटुंब निर्जन बेटावर अडकतं, एवढं चित्रावरून कळत होतं. पुढचं भाषांतर करायला मला टीव्हीशेजारी बसवलं. दहातला एक शब्द मला समजत होता, उरलेले नऊ मी पदरचे घालत होतो. (लोकांना पदरचेच जास्त आवडले.) बाप गवताची झोपडी बांधतो, बेटावरची बकरी पकडून पाळतो, काड्या घासून विस्तव करतो, शेवटी सगळे समुद्राकडे निघतात... आणि नेमकी लाईन गेली, ती गेलीच! सकाळी व्हिडिओवाला कॅसेट घेऊन पसार.

आमची सुषमा तेव्हा नऊ वर्षांची. ते लोक सुटले कसे, हे तिनं आठवडाभर विचारलं. बापाला न येणारी गोष्ट तिच्या लेखी जगात नव्हती, आणि ते मला फार आवडायचं. माहीत नाही म्हणणं जिवावर आलं. म्हणून सांगितलं, तराफा करून. मग तराफा कशाचा? दोर कुठून आणला? त्यावर बकरी उभी कशी राहिली? हळूहळू मलाच राहवेना. म्हटलं, चला, आपणच करून पाहू.

एप्रिलातला रविवार होता. तेलाचे चार रिकामे डबे, दोर, कच्चे तांदूळ आणि बायको, एवढं घेऊन आम्ही निघालो. माचिस मी मुद्दाम घरी ठेवायला लावली. गावातल्या नत्थूभाऊ ढिवरानं आपल्या छोट्या होडीतून, डोंग्यातून, डोह ओलांडून आम्हाला रेतीच्या बेटावर सोडलं. घ्यायला केव्हा येऊ, म्हणाला. मी म्हटलं, येऊच नको, आम्ही आमचे सुटून येणार! त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि डोंगा वळवून निघून गेला.

बारा वाजेपर्यंत मी बेटावरच्या झाऊच्या झुडपांच्या काड्या घासत होतो. तळहात पेटले, काड्या नाही. दोन वाजता सुषमा भिजवलेले तांदूळ चावत बसली. बायको डोक्यावर पदर ओढून शांतपणे म्हणाली, "पाणी हाये, तांदूळ हाये, नवरा हाये. मंग मी उपाशी काऊन?"

आता तराफ्याशिवाय गती नव्हती. आलो त्या बाजूला डोह, म्हणून मी बेटाची दुसरी बाजू निवडली. तिकडे पाणी संथ आणि लांबवर पसरलेलं, अगदी सिनेमातल्यासारखं! डब्यांवर काड्या बांधल्या आणि बाप या नात्यानं आधी मीच वर बसलो. तराफा चार हात गेला, एक डबा सुटला आणि मी पालथा! नाकातोंडात पाणी गेलं. "सुषमा, आईले सांभाळ!" असं ओरडून मी हातपाय झाडायला लागलो.

तेवढ्यात माझ्याशेजारी दोन पाय येऊन थांबले. वर पाहिलं तर नदीतल्या टरबुजाच्या वाडीवरची एक बाई, डोक्यावर भरलेली टोपली.

"गुरुजी, उभे व्हा ना," ती म्हणाली.

मी उभा झालो. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं.

उन्हाळ्यात वाडीवाले त्या बाजूनं रोज चालतच येत-जात. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. नत्थूभाऊला वाटलं, मास्तरलाही असेल. बाईच्या मागोमाग आम्ही पाच मिनिटांत काठाला लागलो. फक्त तो काठ चंद्रपूर जिल्ह्यातला होता! पुलावरून फिरून जाणाऱ्या एसटीनं घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. सबंध वाटेत सुषमा माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत होती. पोरीच्या नजरेतून उतरलो, याचं मला फार वाईट वाटलं.

दारात शेजारी जमलेच होते. सिनेमातले लोक सुटले कसे, ते समजलं का, म्हणून विचारू लागले. उत्तर सुषमानंच दिलं.

"त्या सिनेमातला बाप बी मास्तरच असन. नाईतर त्यानं पहिलेच कोणाले तरी विचारलं असतं, पाणी किती हाये म्हणून."

हा शेवट सगळ्यांना पटला. मीही हरकत घेतली नाही. खरा शेवट मला कितपत कळला असता कोण जाणे. हा मात्र शब्दन् शब्द कळला.