शिंप्याचं स्वर्गातलं वतन

थोरल्या भावाशी भांडून शिंप्याने दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली होती. दर रविवारी दोघे चर्चच्या दोन टोकांना बसून एकाच देवाकडे एकमेकांच्या चुगल्या करत.

एकदा पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "स्वर्गातलं वतन आपल्या सर्वांचं एकच आहे."

प्रार्थना संपताच शिंपी घाईने उठला. बाहेर त्याने पाळकसाहेबांना गाठलं. "तिथे वाटणी होत असेल ना?"

"छे. सगळी भावंडं एकत्र, कायमची."

आठवडाभर तळमळून शिंपी नाक मुठीत धरून भिंतीपलीकडे गेला. "दादा, वर एकत्रच राहायचंय म्हणे. आतापासून सवय करू या का?"

"बस, चहा घे," थोरला म्हणाला. "पण वर आधी तू जा. मी येतो सावकाश."

पुढे भिंतीला खिडकी पडली. कड्या मात्र दोन्ही बाजूंनी लागल्या.