लिलावातली होडी

मला पोहता येत नाही, तरी ऑनलाइन लिलावात मी एका होडीवर बोली लावली आणि जिंकलोही. "आधी बादलीत उतरून दाखवा," ही म्हणाली. आगाऊ रक्कम भरण्याआधी मालवणच्या किनाऱ्यावर रोज जाळं सांधत बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

त्याने सुई वाळूत खोचली. फोटोत, होडीत पाठमोऱ्या बसलेल्या माणसावरून त्याने हळूच अंगठा फिरवला, झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"होडी माझी. पोरुच्या, गेल्या सालच्या वादळात बुडाली. हो बसलेलो माझो सख्खो भाव. तिच्याबरोबर गेलो, अजून गावलो नाय. पैशे भरलास?"

"अजून नाही."

"भरू नको. वस्तू हातान चाचपल्याशिवाय पैसो सोडू नये रे."

कुणा भामट्याने फोटो चोरला होता. त्याला पेचात धरावं म्हणून मी मेसेज करून विचारलं, 'होडी कुठे आहे?' लगेच आलेलं उत्तर मी हसत मोठ्याने वाचलं: 'किनाऱ्यावरच आहे. आमचा माणूस होडीत बसून तुमची वाट बघतोय. लवकर पैसे भरा.'

माझे पैसे वाचले, पण हसू तोंडातच राहिलं. म्हातारा जाळं बाजूला टाकून उभा राहिला होता.

"खंयच्या किनाऱ्यार?" त्याने विचारलं.