शिरूर-दौंड शाखेच्या कोळपे सिस्टर

सुलक्षणा कोळपे हे पूर्ण नाव कुरकुंभच्या एमआयडीसीत फार थोड्यांना ठाऊक होतं. गेटवरच्या वॉचमनपासून प्लांटच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला कोळपे सिस्टरच म्हणत. मी शेजारच्या कंपनीत नर्स होते. दौंडहून आम्ही एकाच जीपने यायचो, दाटीवाटीने बसायचो, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले.

ती मूळची निमोण्याची. वडील भैरूआप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली आणि ते कांद्या-उसाच्या शेतीला लागले. वस्तीवरची नर्सिंग शिकलेली ही पहिलीच मुलगी. "पोरगी परक्यांची घाण काढाया जाणार व्हय?" असं भावकीने विचारलं, तेव्हा तिची आई गिताबाई म्हणाली होती, "आजारी पडल्यावर तुमची काढंल, तवा सांगा." लग्न होऊन ताई दौंडला आली. मिस्टर रेल्वेत, लोको शेडमध्ये. आधी तिने गावातल्या एका दवाखान्यात काम केलं आणि मग कंपनी धरली.

कंपनीतली नर्स म्हणजे एका शिफ्टला एक बाई. डॉक्टर सकाळी येऊन जाणार. बाकीचा सगळा वेळ समोर एक कॉट, एक कपाट, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि कायम वाजणारा इंटरकॉम. डोळ्यात गेलेला कचरा, भाजलेली बोटं, चक्कर आलेला हेल्पर, सगळं तिनंच बघायचं. विचारायचं तर कुणाला? शेजारच्या कंपनीत आणखी एक नर्स तशीच एकटी बसलेली असते, हे आम्हाला माहीत होतं. पण एकमेकींच्या गेटच्या आत आम्हाला कुणी सोडत नसे.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात भर दुपारी तिच्याकडे म्हस्कू नावाचा कंत्राटी हेल्पर आला. पाइपच्या जोडातून हातावर काहीतरी उडालं होतं. हात थोडा लाल दिसत होता, एवढंच. तिने भरपूर पाण्याने धुतला, विचारलं, "काय होतं रे पाइपात?" त्याला माहीत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "ॲसिड हाय सिस्टर, नेहमीचंच." तिने ॲसिडचं जे करायचं ते सगळं केलं. पण तासाभराने म्हस्कू हात छातीशी धरून ओरडायला लागला. लाली तेवढीच, पण वेदना हाडात. मग कुणीतरी सांगितलं, की ते एचएफ होतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. ते कातडीवर थांबत नाही, आत उतरतं, आणि त्यावर कॅल्शियमचा जेल लगेच चोळावा लागतो. जेल तिच्या कपाटात नव्हता. म्हस्कूला पुण्याला नेलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तिने मला हे सांगितलं. मी नजर वळवली. तिने विचारलं, "काय गं?"

"ताई, तो जेल माझ्या कपाटात आहे. आमच्या साहेबांनी मागच्या वर्षी मागवला होता."

ती जीपबाहेर बघायला लागली. मळद गेलं, कुरकुंभचा घाट दिसायला लागला, तरी ती बाहेरच बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "एक भिंत हाय गं मधी. नुसती एक भिंत."

त्यानंतरच शाखेचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. कारखान्यांतल्या नर्सेसची एक राज्यभराची संघटना होती, तिचं ऑफिस मुंबईला. तालुक्याची शाखा काढता येते, पण त्याला पुरेसे सभासद लागतात, असं तिथून कळलं. कुरकुंभला तेवढ्या नर्सेस नव्हत्या. मग ती म्हणाली, "रांजणगावच्या धरू. दोन तालुक्यांची मिळून एक शाखा." रांजणगावची एमआयडीसी शिरूर तालुक्यात, पार नगर रस्त्याला. सुट्टीच्या दिवशी ती दौंडहून चौफुल्याला, तिथून न्हावऱ्यावरून शिरूरला आणि शिरूरहून पुन्हा मागे रांजणगावला जायची. कंपनीच्या गेटवर उभी राहून शिफ्ट सुटायची वाट बघायची. पोरी बाहेर आल्या की त्यांना घरी जायची घाई. कुणी म्हणे, मालक काय म्हणतील? कुणी म्हणे, बघू, सांगते. त्या 'सांगते' म्हणणाऱ्या पोरींकडे ती पुन्हा पुढच्या सुट्टीला जायची.

मी काही वेळा बरोबर गेले. परतीच्या एसटीत तिच्या पायांना सूज आलेली असायची. चप्पल काढून पाय समोरच्या सीटखाली सोडायची आणि म्हणायची, "घरी गेल्यावर स्वयंपाक हायच. पीठसुद्धा मळलेलं नसंल."

तिच्या मिस्टरांनी एकदा माझ्यासमोरच विचारलं, "ह्यातनं तुला मिळणार काय, ते तर सांग." भांडायच्या सुरात नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुम्ही जेवा आधी."

बातमी कंपनीत पोचायला वेळ लागला नाही. पर्सोनेल मॅनेजरने तिला बोलावलं.

"सिस्टर, तुम्ही युनियन काढताय म्हणे."

"युनियन नाही साहेब. संघटना आहे. शिकायची, माहितीची."

"मराठीत दोन्हीला संघटनाच म्हणतात."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणूच नका," साहेब हसून म्हणाले. पुढच्या महिन्यापासून तिला सलग रात्रपाळी लागली. कारण विचारलं तर, माणसं कमी आहेत. तक्रार करावी असं मी म्हणत होते. ती म्हणाली, "रात्रपाळी लावली म्हणजे दिवस मोकळा दिला की. शिरूरला जाता येतंय." विनोद होता, पण हसायचं त्राण तिच्याही अंगात नव्हतं. त्या वर्षात ती एकदम वयस्क दिसायला लागली.

पहिली बैठक कुठे घ्यायची, हा प्रश्नच होता. दौंड रांजणगावच्या पोरींना लांब, शिरूर आम्हाला लांब. शेवटी तिने सगळ्यांना आपल्या माहेरी, निमोण्याला बोलावलं. ते दोन्हीच्या मध्ये पडतं. गोठ्यापुढच्या शेडात सतरंजी टाकली होती. गिताबाईंनी पिठलं-भाकरी आणि कांद्याची चटणी केली होती. एकेक नर्स रस्त्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत येत होती, पदराने घाम पुसत. काही जणी पाळी संपवून थेट आल्या होत्या, त्या जेवल्या आणि भिंतीला टेकून पेंगायला लागल्या. गिताबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आगं, ह्या पोरी हितं झोपायाच आल्यात का? झोपू द्या त्यांस्नी. बोलणं काय, चार वाजता करा." आणि खरंच तसंच झालं. सगळ्या उठल्यावर चहा झाला आणि बैठक सुरू झाली. शाखेला 'मंडळ' म्हणायचं ठरलं, म्हणजे साहेब लोक दचकणार नाहीत. अध्यक्ष कुणी व्हायचं, यावर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सगळ्या ताईकडे बघायला लागल्या. "मला मेलीला आणखी काय काय लावता," असं म्हणत तिने मान डोलावली.

उद्घाटन दौंडला एका शाळेच्या वर्गात झालं. मुंबईहून संघटनेच्या एक बाई आल्या. त्यांची गाडी उशिरा आली, तोवर दुपारच्या पाळीच्या नर्सेस निघून गेल्या होत्या. पोरांच्या बाकांवर आम्ही उरलेल्या गुडघे दुमडून बसलो. बाई सेवेबद्दल, त्यागाबद्दल चांगलं बोलल्या. आमची अध्यक्ष ताई रात्रपाळी करून आलेली. फळ्याशेजारच्या खुर्चीत तिचे डोळे मिटत होते. आभार मानायला तिचं नाव घेतलं तेव्हा मला तिच्या खांद्याला हात लावावा लागला.

ती उभी राहिली. तिने आभार मानलेच नाहीत.

"माझ्या कपाटात काय हाय ते मी सांगते," ती म्हणाली. "सायनाइडवरचं औषध हाय. भाजल्यावरचं सगळं हाय. एचएफचा जेल आता मागून घेतलाय. तुमच्याकडे कुणाला लागलं तर गेटवर फोन करा, मी माणूस पाठवते. साहेब नंतर काय बोलायचं ते मला बोलतील. आता तुमच्याकडे काय हाय, एकेकीनं सांगा."

कंपनीतलं बाहेर सांगायचं, ही भीती सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. मग मी उठून सांगितलं. माझ्यामागे रांजणगावची अंकिता नावाची नवी मुलगी उठली, तिनेही सांगितलं. मग सगळ्यांनीच. मुंबईच्या बाई खाली बसून ऐकत राहिल्या. शाखा खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली, असं मला वाटतं.

पुढे फार मोठं काही घडलं नाही. कधी या भिंतीवरून त्या भिंतीपलीकडे औषध गेलं, कधी एखादी नवी मुलगी घाबरून फोन करायची आणि ताई तिला शांतपणे सांगायची, "आधी कपडे काढ त्याचे, मग धू." काही कंपन्यांनी पाइपांवर आत काय आहे ते लिहायला सुरुवात केली. त्याचं श्रेय आमच्या मंडळाला कुणी दिलं नाही, आणि खरं तर किती आमचं, किती सरकारी तपासणीचं, हे मलाही सांगता येणार नाही. बैठकांना कधी पाच जणी, कधी तिघी. वर्षं गेली. दरवर्षी नवा अध्यक्ष निवडायचा ठराव व्हायचा आणि दरवर्षी तीच राहायची. गुडघे गेले, बीपीच्या गोळ्या लागल्या. म्हस्कूला कंपनीने गेटवर बसवलं होतं. तो डाव्या हाताने सलाम करायचा आणि ती दर वेळी मान खाली घालून आत जायची. त्याच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

दोन हजार सहाच्या सुमारास ती अध्यक्षपद सोडायचं म्हणाली, म्हणून मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "ताई, आणखी एक वर्ष बघा."

ती डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "न्हाई गं. दमले मी. रागवू नकोस. अंकिताला सांग. ती म्हणंल मला जमणार न्हाई. मलाबी जमत नव्हतंच."

मी पुन्हा आग्रह केला नाही. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्याच खांद्यावर सगळं टाकलं होतं, आणि तिने तसं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

तिच्याशिवायची पहिली बैठक शिरूरला झाली. अंकिता बोलली, चाचरत का होईना, पण बोलली. संपल्यावर मी स्टँडवरून ताईला फोन लावला आणि सगळं सांगायला लागले. कोण काय म्हणालं, काय ठरलं. तिने मध्येच थांबवलं.

"कुरकुंभच्या पोरी गेल्या होत्या का एवढ्या लांब?"

"आल्या होत्या. सगळ्या."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता ठेवते. जरा पडते मी."