बंब पूल ओलांडत नाही

बाओ शुइगनचं बुरूडकाम आमच्या जियाशिंगमध्ये कालव्याच्या दोन्ही काठांवर चालायचं. पूर्वेला तोंग घराण्याची रेशीमगिरणी. तिथे तो किड्यांसाठी परड्या विणून द्यायचा. पश्चिमेला लो घराण्याचा सोया सॉसचा कारखाना. तिथल्या रांजणांना बांबूची टोकदार झाकणं लागायची. धक्क्याच्या जागेवरून या दोन घराण्यांचं वीस वर्षं वाकडं होतं. एकमेकांच्या मयतीलाही ते जात नसत. शुइगनला मात्र दोन्हीकडे चहा मिळायचा.

"भांडण मोठ्यांचं," तो म्हणायचा, "बांबूला काय त्याचं?"

राहायला तो पूर्वेला, माझ्या शेजारी. त्यामुळे आगीची घंटा वाजली की आम्ही दोघे तोंगांच्या आग विझवायच्या हातबंबावर. मी दांडा मारायचो, तो तोटी धरायचा. लोंचा बंब वेगळा. एकदा दोन्ही बंब एकाच आगीवर पोचले आणि आधी मान कुणाचा, यावरून माणसांनी जळती छपरं ओढायच्या लोखंडी आकड्यांनी एकमेकांची डोकी फोडली. तेवढ्यात शिंप्याचं घर जळून गेलं. तेव्हापासून थोरल्या तोंगांचा हुकूम होता, आपला बंब पूल ओलांडणार नाही.

पुढे शुइगनने लेक सूझेन पश्चिमेला दिली, लोंच्या गल्लीतल्या एका बादल्या करणाऱ्याला. आमचा मुकादम गंग त्याला टोचायचा, "काय रे, या काठावरचे सगळे पुरुष मेले होते का? उद्या तुझी नातवंडंच आपल्याला आकडे मारतील."

शुइगन हसून तोटी पुसत बसायचा.

चिनी प्रजासत्ताकाच्या तेविसाव्या वर्षी, १९३४ साली, पाऊस पडलाच नाही. कालवा आटला, आमच्या काठालगत तेवढं कमरभर पाणी उरलं, पलीकडे नुसता चिखल. त्या उन्हाळ्यात एका दुपारी लोंच्या गल्लीत चुलीची ठिणगी चटईच्या मांडवाला लागली. लोंचा बंब चिखल ओढून बसला. आम्ही आमचा बंब ओढत पुलाच्या पायथ्याशी नेला. गंग मुकादम हात पसरून आडवा उभा राहिला.

"मालकांकडे माणूस पाठवलाय. निरोप येऊ द्या."

"माझी पोर आहे तिकडे," शुइगन म्हणाला.

"माहीत आहे. पण उद्या माझ्या पोटावर पाय आला तर तू पोसणार आहेस?"

मालक जेवून आडवे झाले होते, आणि त्यांना उठवायची कुणाची छाती होईना. आम्ही बाराजण दांड्यांवर हात ठेवून उभे होतो. पलीकडे बांबूच्या गाठी फुटत होत्या. जागचं कुणी हललं नाही, मीसुद्धा.

शेवटी शुइगनच म्हणाला, "मुकादम, हुकूम बंबाचा आहे ना? बंब इथेच राहू दे. नळी जाऊ दे."

गंगने तोंड फिरवलं. तीच परवानगी समजून आम्ही होत्या नव्हत्या तेवढ्या नळ्या जोडल्या. शुइगन तोटी घेऊन पूल चढून पलीकडे धावला. आम्ही दांडे मारले, पाणी गेलं. पण पलीकडे लोंची माणसं पुढे आली. "तोंगांची नळी आहे, आपल्या भिंती पाडायला आलेत," असं कुणीतरी ओरडलं आणि एकाने आकडा घातला. नळी पुलावरच फाटली. पाणी पलीकडच्या पायऱ्यांवरून वाहून गेलं. आम्हाला काही कळलं नाही, आम्ही दांडे मारतच होतो.

अकरा घरं जळाली. सूझेन कपडे धुवायला लांबच्या विहिरीवर गेली होती. घरात तिची सासू होती आणि दोन वर्षांची मुलगी. त्या दोघी बाहेर आल्या नाहीत.

मग दोन्ही घराण्यांनी एकमेकांवर फिर्याद केली. दोघांनाही शुइगन साक्षीला हवा होता. त्याने न्यायाधीशासमोर एवढंच सांगितलं, "यांनी पाणी वेळेवर दिलं नाही, त्यांनी ते घेतलं नाही. दोन्ही खरं आहे."

माझी साक्ष तोंगांच्या दिवाणजींनी पढवलेली होती. आम्ही आल्या आल्या पाणी सोडलं, असं मी सांगितलं.

खटला रेंगाळून बंद पडला. परड्यांचं काम थांबलं, झाकणांचंही.

हिवाळ्याच्या तोंडाशी सूझेन एकदा आली. मी माझ्या दारात बसलो होतो. ती बापाच्या दारातच थांबली, आत गेली नाही.

"बाबा, पुलाशी किती वेळ थांबला होतात?"

"एक उदबत्ती जळेल इतका."

"आणि नळीचं केव्हा सुचलं?"

तो म्हणाला, "सुरुवातीलाच. विचारायचा धीर होईना. वाटलं, काम जाईल."

तिने आणलेलं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती निघून गेली. गाठोड्यात त्याच्यासाठी शिवलेला कापसाचा कोट होता.

त्यानंतर तो चुलतभावाच्या खेड्यात गेला आणि बदकांची खुराडी विणू लागला. मी एकदाच भेटायला गेलो.

"कोर्टात मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"ऐकलं मी. तुझी पोरं लहान होती," तो म्हणाला आणि कामटी सोलत राहिला.

तिसऱ्या हिवाळ्यात तो खोकल्याने गेला. सूझेन पांढऱ्या कपड्यांत आली. तिने जमिनीला कपाळ टेकलं, दारू वाहिली, मृतासाठीचे कागदी पैसे जाळले. मोठ्याने रडली मात्र नाही. लेकीने गळा काढायचा असतो, असं बायका कुजबुजल्या. ती सगळे विधी आटोपून दुपारच्या नावेने परत गेली.