राजकारण बंद, उद्यापासून

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मराठवाड्यातल्या आम्हा जनावरांच्या डॉक्टरांचा एक ई-मेल गट होता. जालन्यात माझ्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून बसायचो. तेवढ्या वेळात गाभण म्हशींबद्दल, शेळ्यांच्या साथीबद्दल वाचायला मिळावं, एवढीच अपेक्षा. निवडणूक आली आणि दहातली आठ पत्रं राजकारणाची येऊ लागली. गटात राजकारण नको असा नियम करा, हे गट चालवणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांना मीच सुचवलं.

ते विचार करत होते तोवर वाद राखीव जागांवर आला. एकाने लिहिलं, ‘कोट्यातून आलेल्यांना सुई कुठं टोचायची हेही कळत नाही.’ दोघा-तिघांनी त्याला शाबासकी दिली.

हसनाबादला प्रॅक्टिस करणारा माझा वर्गमित्र राखीव जागेवरच शिकलेला. त्याने उत्तर पाठवलं: ‘मी त्याच कोट्यातून डॉक्टर झालो. गटात मी दिलेल्यांपैकी कोणता सल्ला चुकला, ते कळवावं.’ नेमका त्याच दिवशी नियम लागू झाला. आता पत्रं आधी ज्येष्ठांकडे जायची, त्यांनी सोडली की मगच गटात. त्यांनी हे परत पाठवलं.

मित्राचा फोन आला. “तुझा नियम बराबर माझ्यापाशीच येऊन थांबला की, गड्या! माझं नाव काढून टाक गटातून.”

“थांब जरा. मी बोलतो त्यांच्याशी.”

“बोल. माझं काय अडलंय? म्हशी काय ई-मेल वाचत न्हाईत.”

ज्येष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, “नियम तुम्हीच मागितला ना?”

“मीच, सर. मग ते सुईचं पत्रही परत घ्या.”

“गेलेलं पत्र परत कसं घेणार? सगळ्यांना पोचलं.”

“म्हणूनच उत्तरही पोचलं पाहिजे. नियम उद्यापासून लावा.”

ते ‘बरं’ म्हणाले. मित्राचं पत्र गटाला गेलं. चुकलेला सल्ला कोणी दाखवला नाही आणि माफीही कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून विषयच बंद.

मित्राने गटात नाव राहू दिलं. नियम मला आजही योग्यच वाटतो. अर्ध्या तासात कामाचं सगळं वाचून होऊ लागलं. त्यात मित्राचं पत्र मात्र पुन्हा दिसलं नाही. विचारलं, तर म्हणाला, “वाचून राह्यलो ना. लिहायचं मन होत न्हाई.”