बाबांची कोन्याकची सुरई

बाबा दारूला शिवत नसत. तरी मित्रानं परदेशातून आणलेली कोन्याकची सुरई त्यांनी खोक्यासकट जपली होती. ते गेल्यावर आईनं ती माझ्यापुढे ठेवली.

"किती जुनी आहे, पाहून सांग ना."

खोक्यावर बारकोड नव्हता, म्हणजे माझ्या लहानपणाची तरी असावी. सील शाबूत होतं, पण कोन्याक बोटभर उतरली होती.

"काहून? कोणी प्यायलं?" आईचा चेहरा पडला.

"नाही गं. जुन्या बुचातून हळूहळू उडून जाते."

"अच्छा. मित्र परत आला की त्याच्यासमोरच उघडू म्हणायचे. तो आलाच नाही."

मग तिनं स्वतःच सील तोडलं आणि दोन चमचे आणले. पहिल्याच घोटाला आम्ही दोघी ठसकलो आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.