डाव्या हाताने महाप्रसाद

माझ्या मोठ्या भावावर सूड उगवायला मला एका युक्रेनियन मुष्टियोद्ध्याची मदत झाली. त्या गृहस्थाला याची काहीच कल्पना नाही. तो जगाचा हेवीवेट विजेता आहे आणि डावखुरा आहे. माझं त्याच्याशी नातं एवढंच.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील फिरतीच्या नोकरीवर असल्यामुळे घरातली शिस्त त्याच्याकडे आली आणि ती त्याने अत्यंत आनंदाने सांभाळली. मी डावरी होते. जेवताना आणि अभ्यासाला बसताना तो माझं डावं मनगट वेणीच्या रिबिनीने फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचा. आई म्हणायची, "तुझ्या भल्यासाठीच करतोय तो. सासरी काय म्हणतील?" पुढे सासरी कुणी काही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी उजव्या हाताने लिहिते. माझं अक्षर डॉक्टरांसारखं आहे, आणि मी फार्मासिस्ट, म्हणजे तसलंच अक्षर लावणं हीच माझी नोकरी. औषधांच्या काउंटरमागे, जिथे कुणी बघत नाही, तिथे मी ट्रेमधल्या गोळ्या डाव्या हाताने सरकवते. तो हात अजून माझा आहे.

दादा कॉलेजात बॉक्सिंग करायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळालं. अंतिम फेरीत त्याला हरवणारा डावखुरा होता. त्याचा राग माझ्या मनगटावर निघाला असं म्हटलं तर गोष्ट छान जुळेल, पण खरं तसं नाही. माझा हात त्याने त्याच्या आधीच बांधला होता. हरल्यावर त्याला फक्त तत्त्वज्ञान सापडलं. "डावखुऱ्याशी लढणं ही लढत नव्हे," तो सांगायचा. "ती फसवणूक आहे." पुढे तो मुख्याध्यापक झाला आणि ऐकायला बांधील असलेला श्रोतृवर्ग त्याला रोज सकाळी रांगेत उभा मिळू लागला.

युरोपातली शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. त्यामुळे मोठमोठ्या लढती आम्ही इथे परदेशात, रोटोटुना उपनगरातल्या आमच्या दिवाणखान्यात पोहे खात बघतो. आम्ही म्हणजे आधी फक्त नवरा. मी कोथिंबीर चिरत मान वर करायची. एका रविवारी मान वर केली ती तशीच राहिली. रिंगमधला एक माणूस चुकीचा उभा होता. उजवा पाय पुढे, उजवा हात पुढे, आणि डावा मागे, हनुवटीशी दडवलेला. मी सुरी घेऊन ओट्याशी उभी राहते, अगदी तशी.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. ऑलिंपिकचं सुवर्ण त्याने मिळवलं होतं. खालच्या वजनगटातले विजेतेपदाचे सगळे पट्टे त्याने गोळा केले होते, तेही बहुतेक दुसऱ्यांच्या गावात जाऊन, दुसऱ्यांच्या प्रेक्षकांसमोर. या खेळात चार संस्था चार पट्टे देतात आणि प्रत्येक संस्था स्वतःलाच खरी मानते. एका गावात दोन मराठी मंडळं बघितलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मग तो हेवीवेटमध्ये आला तेव्हा जाणकार म्हणाले, हा लहान आहे, इथले राक्षस याला चिरडतील. त्याने पहिल्या राक्षसाला हरवलं. दरम्यान त्याच्या देशात युद्ध सुरू झालं. तो घरी गेला, परत आला आणि त्याच राक्षसाला पुन्हा हरवलं. त्याहून उंच दुसरा आला, त्यालाही दोनदा. तो फारसा रागावलेला कधी दिसला नाही. पायांनी माणसाला हळूहळू कोपऱ्यात न्यायचं, आणि त्याला वाटत राहिलं पाहिजे की आपणच चालतोय. मी ते शिकण्यासारखं मानलं.

गेल्या मे महिन्यात दादा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आला. माझी मुलगी आणि जावई दोघंही हॉस्पिटलात, पाळ्या सांभाळणारे, त्यामुळे नात शाळेतून आमच्याकडे येते. पाच वर्षांची, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. आणि डावरी.

दुसऱ्याच दिवशी दादाने तिच्या हातातला चमचा काढून दुसऱ्या हातात दिला.

"बट धिस इज माय गुड हँड," ती म्हणाली.

"तोच वाईट हात आहे, बाळा. चांगला हा."

मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मामा सत्तरीचा आहे, पाहुणा आहे. जाऊ दे ना. तू किती ताणतेस." तिच्या पिढीला वाटतं, वय झालं की माणूस निरुपद्रवी होतो.

मग एका संध्याकाळी कामावरून आले तर नात टेबलाशी चित्र काढत होती. उजव्या हाताने, ओठ चावत, वेडंवाकडं. डावा हात दिसेना. वाकून पाहिलं तर तिने तो मांडीखाली दाबून ठेवला होता.

"हात असा का गं?"

"मोठे आजोबा सेड इट्स स्लीपिंग," ती कुजबुजली. "डोन्ट वेक इट."

रिबीनसुद्धा लागली नव्हती. दादा एवढ्या वर्षांत तेवढा सुधारला होता. मी तिचा हात बाहेर काढला, मुंग्या जाईपर्यंत चोळला, आणि ठरवलं की हा माणूस सरळ पुण्याला परत जाणार नाही.

माझ्या डावखुऱ्याची पुढची लढत जुलैत होती. समोरचा तरुण, उंच, जोरकस. दादा त्याच्यावर खूश.

"तुझा डावखुरा आता म्हातारा झाला," तो म्हणाला. "हा पोरगा बघ, कसा शास्त्रशुद्ध उभा राहतो."

"पैज लाव मग."

"मी असल्या गोष्टी करत नाही."

"रौप्यपदकवाल्याने जपूनच राहावं."

नवऱ्याने वर्तमानपत्र उंच धरलं. दादाने चष्मा काढून पुसला. "काय पैज?"

"तो हरला तर पोरीला तू उजव्या हाताने लिहायला शिकव. मी तोंड उघडणार नाही."

"आणि जिंकला तर?"

"तिच्या हाताचं नाव काढायचं नाही. आणि मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, अख्खं पान डाव्या हाताने जेवायचं."

"महाप्रसाद? डाव्या हाताने? हे पाप तुझ्या माथी बसेल."

"चालेल."

तो हसला आणि कबूल झाला, कारण हरणं त्याच्या हिशेबात नव्हतं. माझ्या होतं. दुसऱ्याच्या हातावर पैज लावली होती मी, आणि हरले असते तर शब्द पाळला असता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्या रविवारी पोहे नवऱ्याने केले. पण म्हातारा डावखुरा नेहमीप्रमाणे पायांचं काम करत राहिला. पाचव्या फेरीत तो तरुण एकदा पडला, उठला, आणि मग तो मागे दडवलेला डावा हात आला. पंचाचे आकडे संपले तरी तरुण खालीच होता.

"पाय सटकला त्याचा," दादा म्हणाला.

"सटकला ना. आधी जबड्यावर डावा बसला, मग सटकला."

गणपतीच्या दिवशी दादाने रेशमी कुर्ता घातला. जेवणाआधी त्याला 'दोन शब्द' बोलायला सांगण्यात आलं आणि परदेशात संस्कार कसे टिकवावेत यावर तो वरण निवेपर्यंत बोलला. मग आमच्या समोर येऊन बसला. पानात वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, मोदक. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबीर वाढून घेतली. त्याने डावा हात पानात घातला.

पहिला घास कुर्त्यावर पडला. दुसरा अर्धा पडला. मोदक फुटून तूप मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मी विसरले होते ते एवढंच, की आमच्या मंडळात निम्मी माणसं हॉस्पिटलातली आहेत. शेजारच्या टेबलावरची एक नर्स घास टाकून उठली.

"काका, उजवा हात वर करता का जरा?"

"काही नाही, खांदा जरा दुखतोय," दादा म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने सुरुवात अशी करू नये. नर्सने आपल्या नवऱ्याला हाक मारली. तो डॉक्टर. तो दादासमोर गुडघ्यांवर बसला.

"काका, हसून दाखवा बघू."

"मला हसू येत नाहीये."

"म्हणूनच सांगतोय."

दोन माणसं आली, मग दहा. कुणीतरी 'पक्षाघात' म्हणालं आणि ॲम्ब्युलन्ससाठी फोन काढला. डॉक्टरने आजचा वार विचारला. ज्या माणसाने आत्ताच अर्धा तास संस्कार सांगितले होते, त्याला वार विचारला जात होता. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबीर खात राहिले.

"मला काहीही झालेलं नाही," तो शेवटी म्हणाला. प्रार्थनेच्या रांगेपुढचा आवाज. त्याच्याकडे दुसरा नव्हताच, त्यामुळे शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "मी पैज हरलोय. ही माझी धाकटी बहीण. लहानपणी मी हिचा डावा हात बांधून ठेवत असे. म्हणून."



"किती वर्षं?" डॉक्टरने विचारलं, रुग्णाला विचारतात तसं.

"चौथीपर्यंत."

"सहावीपर्यंत," मी म्हणाले.

फोन खिशात गेला. बायका माझ्याकडे बघत होत्या, माझी मुलगी तिच्या मामाकडे. डॉक्टर उठला, गुडघे झटकले आणि दादाच्या पाठीवर हात ठेवला. चांगला मुलगा आहे. "झालं हो काका, आता जेवा नीट उजव्या हाताने. ताई काही म्हणणार नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले. हसून मान हलवली असती तरी मी थोर ठरले असते. दादाचा उजवा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला होता.

"मसालेभात राहिलाय, दादा," मी म्हणाले.

त्याने तो संपवला, शीत न् शीत, डाव्या हाताने. मध्येच नात आली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तिने डाव्या हाताने त्याच्या पानातला फुटका मोदक उचलला आणि खाल्ला. दादा बघत राहिला. तोंडात भात होता. तो चावत राहिला.